पाचवा हूक

"ताई, सायकलचं कॅरिअर आहे का तुमच्याकडं? गाडीला मागं लावायचं?"

आवाज ऐकला आणि घडी घालत असलेलं सीट कव्हर माझ्या हातातच राहिलं. बावीस वर्षांत माणसाचे केस जातात, दात जातात, पाठीला बाक येतो, पण आवाज तसाच राहतो. काउंटरपलीकडं खराडे सर उभे होते. गळ्यात काळी दोरी आणि दोरीला शिट्टी.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? त्यांना माहीत होती ती दुधगावची शालन मगदूम, सतरा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या वर बांधून सायकल हाणणारी. काउंटरमागं होती ती शालन बिरनाळे. दोन पोरांची आई, वजन सत्तरच्या पुढं, सांगलीत मिरज रस्त्यावरच्या कार डेकोरच्या दुकानाची मालकीण.

"आहे की काका," मी म्हटलं. "या आत."

सर म्हटलं नाही, काका म्हटलं. मुद्दामच म्हटलं, आणि मनातून बरं वाटलं.

फेब्रुवारीतला शनिवार होता, सकाळचे दहा वाजले होते. आमचे मालक माल आणायला मुंबईला गेले होते आणि फिटर लग्नाला. दुकानात मी एकटीच. बाहेर कोरी पांढरी गाडी उभी होती, तिच्या सीटची प्लॅस्टिकंही अजून काढलेली नव्हती. शटरला टेकवून तीन रेसिंग सायकली लावलेल्या होत्या आणि सायकलींजवळ तीन मुली उभ्या होत्या. गाडीतून किल्ली फिरवत एक बाई उतरल्या, सरांची सून मेघना.

"उद्या सकाळी पुण्यात राज्याची निवड आहे मुलींची," त्या घाईघाईनं सांगायला लागल्या. "आज संध्याकाळी पाचला सायकली तपासून घेतात, नंबर देतात. पाचला नाही पोचलं तर नाव कट. टेम्पो ठरवला होता, तर त्यानं आज सकाळी फोन केला, लग्नाचं भाडं आलंय म्हणून. आता काय करायचं? म्हटलं, आपलीच गाडी काढू. पण सायकली ठेवायच्या कुठं?"

"डिकीत?"

"डिकीत सीएनजीची टाकी आहे. दोन पिशव्या बसतात जेमतेम."

मी मुलींकडं बघितलं. सानिका म्हणून एक होती, शहरातल्या कुणा डॉक्टरांची मुलगी, महागडं हेल्मेट घातलेली. दुसरी सरांची नात ईश्वरी, चौदा वर्षांची, आजोबांसारखंच लांब नाक. तिसरी बाकीच्या दोघींपासून दोन हात लांब उभी होती. तिच्या सायकलच्या हँडलला जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. तिचं नाव रेणुका. वीटभट्टीवर कामाला असणाऱ्याची मुलगी, हे नंतर बोलण्यातून कळलं.

तिला बघितलं आणि माझ्या मनात एकदम सगळं जुळून आलं. देव जेवायला बोलावतो तेव्हा पानही वाढूनच ठेवतो असं वाटलं.

"बसायला काही आहे का, ताई?" सरांनी विचारलं. स्टुलावर वायपरचा ढीग होता. मी तो उचलायला वळेपर्यंत ते भिंतीकडेच्या एका लांबट खोक्यावर टेकलेसुद्धा.

त्याच खोक्यात तीन सायकलींचं कॅरिअर होतं. पंधरा दिवसांपूर्वी एका गिऱ्हाइकानं मागवलं आणि नेलंच नाही. खोक्याच्या बाजूवर तीन सायकली लावलेल्या गाडीचं ठळक चित्र होतं, ते आता सरांच्या गुडघ्यांच्या मागं गेलं होतं. माणूस स्वतःच्या बुडाखाली बघत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

आता हे कॅरिअर निवडायचं म्हणजे काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं दुकानात गेलं की सायकल अडकवायचा एक हूक मिळतो.

"टपावरचं दाखवू?" मी विचारलं. "तीन आरामात बसतील."

"टपावरचं नको!" मेघनाताईंनी दोन्ही हात वर केले. "आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगला वर बीम आहे. दमून परत आल्यावर कुणाच्या लक्षात राहणार, वर सायकली आहेत म्हणून? मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांनी गणपतीचं मखर असंच घालवलं. मूर्ती आणायला निघायची वेळ आणि मखराचे दोन तुकडे."

"शिवाय तुमच्या टपाला रेलिंग नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. "मग खाली गाडीला लोखंडी हूक वेल्ड करून त्यावर बसवायचं असतं एक. पण त्याला दोन दिवस लागतात."

"दोन तास नाहीत आमच्याकडं."

"मग राहिलं डिकीवरचं. पट्ट्यांनी अडकवायचं. रबराचे पाय असतात, ओरखडा उठत नाही."

"नंबर प्लेट झाकेल ना पण? पोलीस धरतील."

"पुठ्ठ्यावर नंबर लिहून सायकलीला मागं बांधायचा. सगळे तसंच करतात."

मेघनाताईंना डिकीवरचं पटलं. मी फळीवरचं दोन सायकलींचं कॅरिअर काढलं, काउंटरवर ठेवलं, आणि जीभ टाळ्याला लागू न देता म्हटलं, "पण तुमच्या गाडीला दोनचंच बसतं. तिसरी नाही बसत."

खोक्यावर बसलेल्या सरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"तीनचं येतच नाही का?" मेघनाताईंनी विचारलं.

"येतं, पण मोठ्या गाड्यांना. तुमच्या डिकीची वरची कड प्लॅस्टिकची आहे. तीनचं वजन घातलं तर खंबाटकी घाटात कड सुटून सायकली मागच्या ट्रकखाली जातील. मी तरी देणार नाही बाई. माझ्या दुकानाचं नाव जातं."

इतकं मनापासून मी आयुष्यात खोटं बोलले नसेन.

त्यामागं काय होतं ते आता सांगायला हवं.

शहाण्णव साली मी जिल्ह्यात पहिली आले होते. सर आम्हा पाच मुलींना घेऊन पुण्याला याच निवडीला निघाले होते. दुसरी आलेली नीलम ही सरांची भाची. माझ्या मागं ती अर्धा किलोमीटर होती, हे अख्ख्या मैदानानं बघितलं होतं. निघायच्या दिवशी मी दुधगावहून अठरा-एकोणीस किलोमीटर सायकल मारत सात वाजता सरांच्या अंगणात पोचले. आईनं चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. जीपच्या टपावर लोखंडी कॅरिअर होतं, त्यावर चार सायकली चढलेल्या होत्या आणि मुली जीपमध्ये बसलेल्या होत्या.

"शालन, कॅरिअरला जागा नाही गं," सर म्हणाले. "सायकल राहू दे इथं. तू चल बसून. यंदा नुसतं बघून घे."

"सर, मी पहिली आलोय की," मी म्हटलं. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, आलोय, जातो, खातो.

"जागा नाही म्हटलं ना."

मी वर बघितलं. कॅरिअरला हूक पाच होते. ते मिरजेच्या वेल्डरकडून करून आणायला मीच सरांबरोबर गेले होते आणि पाचवा हूक माझ्यासमोर जोडला होता. त्या पाचव्या हुकाला सतरंजीची वळकटी बांधली होती. लाल पट्ट्यांची सतरंजी. माझ्या जागी पुण्याला सतरंजी चालली होती.

मी जीपमध्ये बसले नाही. पायरीवर बसले. जीप गेली, धूळ बसली, तरी बसून राहिले. मग आले तशी परत गेले. वडील म्हणाले, "बघितलंस? आपल्या लोकांचं काम नव्हं हे." पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. त्या सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लागल्या, आणि नीलमला खेळाडूंच्या जागेतून नोकरी लागली. बावीस वर्षं मी कुठंही लाल पट्ट्यांची सतरंजी बघितली की माझं डोकं फिरायचं. लग्नात, बारशात, कुठंही. लोकांना वाटायचं, बिरनाळेवहिनी खुर्चीशिवाय बसत नाहीत, फार शिष्ट आहेत.

तर माझा बेत असा होता. दोनच सायकली बसतात म्हटल्यावर सर तिसरी उतरवणार. कुणाची उतरवणार हे मला माहीत होतं, ट्यूब गुंडाळलेल्या हँडलची. तिच्याकडं वळून ते तेच म्हणणार, जागा नाही, तू नुसतं बघून घे. आणि ते शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडले, की मी त्यांना खोक्यावरून उठवणार, खोकं उघडणार आणि म्हणणार, "जागा आहे, सर. तेव्हाही होती. पाचव्या हुकाला सतरंजी होती." सुनेसमोर आणि नातीसमोर, त्यांची खरी किंमत मला त्यांच्याच घरच्यांना दाखवायची होती. रेणुकाची सायकल मी माझ्या हातानं चढवणार होते. बघा, कुणाचंच वाईट होणार नव्हतं. एका माणसाचं तोंड तेवढं काळं होणार होतं.

कॅरिअर गाडीला लावलं. आधी नातीची आणि डॉक्टरांच्या मुलीची सायकल चढवून दाखवली. कंपनीच्या पट्ट्यांवर माझा विश्वास नाही, त्यामुळं वर सुती दोरी बांधते. हातांनी दोरी फ्रेममधून दोनदा घेतली, स्पोकना न लागता, आणि गाठ मारली. मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ही सरांची गाठ.

ती त्यांनीच आम्हाला शिकवलेली होती. जीप उलटली तरी सुटायची नाही, आणि सोडायची तर एका झटक्यात सुटायची. फक्त शेवटी टोक आत खोचायचं, म्हणजे ते बाहेर काढल्याशिवाय गाठ सुटत नाही. मी ते कायम विसरायचे, आणि सर शिट्टीनं माझ्या बोटांवर टकटक करायचे, "शालन, टोक!"

मी मागं बघितलं. सर खोक्यावरून माझ्या हातांकडं बघत होते.

"ही गाठ कुठं शिकलात, ताई?"

"दुकानात. करता करता येतं हो, काका."

"हं," ते म्हणाले आणि खिशातून जवळचा चष्मा काढून पुसायला लागले.

मेघनाताई फोनवर होत्या. दोन ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारून झालं, दोघांच्याही गाड्या लग्नाला गेलेल्या. नवऱ्याला फोन लावला. तो साखर कारखान्यावर, दोनपर्यंत पाळी, आणि जवळ फक्त मोटारसायकल. एसटीच्या टपावर पूर्वी सायकल टाकता यायची, आता एसटीला टपावर काही ठेवायची सोयच नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं गेली. सर तेवढा वेळ मान खाली घालून बसलेले होते, चष्मा नाकावर. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

"बाबा, आता तुम्हीच ठरवा," मेघनाताई म्हणाल्या. "अकरा वाजत आले."

मी कटर हातात घेऊन खोक्याजवळ जाऊन उभी राहिले, पट्टी कापायला.

कुणी काही बोलायच्या आत रेणुकाच पुढं आली. "सर, मी ऱ्हातो. मी फुडच्या वर्षी जातो." बोलताना तिनं पायानं चप्पल चाचपली. असं मागं राहायची तिला सवय असावी.

"तू नाही," सर म्हणाले.

ते उठले, सायकलींजवळ गेले, आणि नातीच्या सायकलच्या सीटवर हात ठेवला.

"ईश्वरी, तुझी उतरव."

"बाबा!" मेघनाताईंचा आवाज चढला. "ही पहिली आलीय जिल्ह्यात! रेणुका दुसरी, सानिका तिसरी. राहायचं तर..." सानिका समोर होती म्हणून त्या थांबल्या.

"माहीत आहे मला कोण कितवी आलीय."

"मग?"

"दुसऱ्याच्या पोरीची सायकल मी एकदा खाली ठेवली होती. परत ठेवणार नाही."

हे ते कुणाकडंही न बघता बोलले. माझ्याकडं तर नाहीच.

माझ्या हातात कटर होतं आणि खोक्यावर आता कुणी बसलेलं नव्हतं. दोन पावलं आणि एक चीर, एवढंच काम होतं. बोलायचे शब्दही बावीस वर्षं घोकलेले. पण ज्या माणसाला बोलायचे तो माणूसच पुढ्यातून निसटला होता. मी इतकी चिडले की काय सांगू. एवढ्या वर्षांनी हा माणूस चांगला वागतो म्हणजे काय? माझ्या वेळी कुठं गेला होता हा चांगुलपणा? आणि चिडता चिडता दुसराच विचार आला, आणि तो गोड लागला. तुमच्या रक्ताची राहू दे मागं. जिल्ह्यात पहिली आलेली राहू दे. तुम्हाला कळू दे कसं वाटतं ते.

मी कटर खिशात टाकलं.

"बरोबर आहे काकांचं," मी म्हटलं. "मोठी माणसं विचार करूनच बोलतात."

ईश्वरी रडली नाही. तिनं स्वतःच सायकल उतरवली. "आजोबा, मी पहिली आलेय ना?" एवढंच विचारलं.

"आलीयस, बाळा."

"चल गाडीत, बसून जाऊ," आई म्हणाली. "बघायला तरी ये."

"मी नाही येणार बघायला," ईश्वरी म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

मग ठरलं की ती माझ्या दुकानात थांबेल, तिचे वडील अर्धी सुट्टी टाकून तासाभरात येऊन नेतील. मी रेणुकाची सायकल चढवली, दोरी बांधली. मेघनाताई डोळे पुसत स्टिअरिंगवर बसल्या. सर गाडीत चढण्यापूर्वी मागं आले, सायकली हलवून बघितल्या, दोरीवरून हात फिरवला. मी शेजारीच उभी होते.

"टोक अजून मोकळंच सोडतेस," ते हळू म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी ते आत खोचलं.

ताई नव्हे, सोडतेस. मी काही बोलायच्या आत ते गाडीत बसले होते. गाडी निघाली. रेणुका मागच्या काचेतून स्वतःच्या सायकलकडं बघत होती, पडते का काय म्हणून.

आत आले तर ईश्वरी उन्हातून उठून त्याच खोक्यावर येऊन बसली होती. मी तिला पाणी दिलं, चहा मागवते म्हटलं. ती नको म्हणाली. पाय हलवत बसली. टाचा खोक्यावर आपटत होत्या, टक, टक. मग टाचा थांबल्या. ती वाकून खाली बघायला लागली.

"काकू, ह्याच्यावर तीन सायकलींचं चित्र आहे."

मी बिलं लावत होते.

"आणि इथं गाड्यांची यादी आहे. आमच्या गाडीचं नाव आहे त्यात." तिनं बोट ठेवलं. "हे बघा. चौथं."

"असेल," मी म्हटलं.

"आजोबा इथंच बसले होते." ती माझ्याशी बोलत नव्हती, जुळवत होती. "चष्मा लावून खाली बघत होते. मला वाटलं झोपले. ते हेच वाचत होते?"

ते तेव्हा मलाही कळलं. पाऊण तास ते त्या खोक्यावर बसले होते, आणि शेवटची पंधरा मिनिटं चष्मा लावून. मी खोटं बोलतेय हे त्यांना माहीत होतं, मी कोण आहे हे माहीत होतं, आणि तरी त्यांनी नातीच्या सायकलवर हात ठेवला. माझ्या तोंडावर माझं खोटं टाकायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ते बोलले नाहीत. माझ्यापुढं मान वाकवून ते निघून गेले होते, आणि मला आभार मानायलाही वाव ठेवला नव्हता, शिव्या द्यायलाही नाही.

"काकू," ईश्वरी उठली. तिचा चेहरा एकदम उजळला होता. "आत्ता फोन केला तर? आई पेठ नाक्याला चहाला थांबतेच. तिथून परत यायला तासभर, आणि मग निघालं तरी पाचपर्यंत... थोडा उशीर होईल, पण आजोबा सांगतील तिथल्या लोकांना. करा ना फोन! बिलावर नंबर आहे आईचा."

बिल माझ्या हातातच होतं. फोन काउंटरवर होता. मी फोन उचललासुद्धा. खरं सांगते, पहिले पाच आकडे दाबले.

आणि मग मला ती सतरंजी दिसली. माझ्या वेळी कुणी फोन केला नव्हता. जीप कुणी परत बोलावली नव्हती. माझे वडील, माझं लग्न, त्या किटल्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी फोन उलटा ठेवला.

"तुझ्या आजोबांनी वाचलं होतं ना ते?" मी म्हटलं. "मग त्यांनाच विचार. मला काय विचारतेस?"

बस. एवढंच बोलले. खोटंही बोलले नाही त्यात.

पोरीचा चेहरा माझ्यासमोर बदलला. आधी तिला कळलं नाही, मग कळलं. म्हणजे तिला जे कळावं असं मला वाटत होतं, ते कळलं. आजोबांना दिसत होतं, गाडीला बसणारं कॅरिअर आहे ते. आणि तरी त्यांनी तिची सायकल उतरवली.

ती दुकानाबाहेर गेली आणि पायरीवर भर उन्हात बसली. मी दोनदा आत बोलावलं. वडील आले तेव्हा साडेबारा वाजले होते. ते मोटारसायकलवर पुढं आणि ती सायकलवर त्यांच्या मागं, अशी दोघं गेली. वळणावर तिनं हात दाखवला नाही, घंटी वाजवली नाही. मी बघत उभी होते. मला जे पाहिजे होतं त्याहून जास्त मिळालं होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं.

सोमवारच्या पेपरात रेणुकाचा फोटो आला, राज्यात निवड. शेजारी सर उभे होते, गळ्यात शिट्टी. हसत नव्हते.

पाच वर्षांनी मेघनाताई पुन्हा दुकानात आल्या. मी लगेच ओळखलं. त्यांनी हातातलं ते दोन सायकलींचं कॅरिअर काउंटरवर ठेवलं.

"कुणाला उपयोगी पडलं तर देऊन टाका. आमच्याकडं आता सायकल चालवणारं कुणी नाही."

"मुलगी?"

"तिनं त्या दिवसापासून सायकल सोडली. शिकायला बंगळूरला असते." "बाबा गेले दिवाळीच्या आधी. ती आली, पण उभ्या उभ्या. पाच वर्षं धड बोलली नाही त्यांच्याशी. पुण्याहून आलो त्या रात्री तिनं त्यांना एकच विचारलं, तुम्हाला दिसलं होतं ना? ते हो म्हणाले. मी विचारलं, काय दिसलं होतं? दोघांनीही सांगितलं नाही. मी बाबांना नंतर किती वेळा खोदून विचारलं. नुसतं म्हणायचे, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

मी काउंटर पुसायला लागले.

"ती त्या दिवशी तासभर तुमच्याकडं होती, ताई. तुमच्याशी काही बोलली होती का? तुम्ही काही सांगितलं होतं का तिला? मला नुसतं कळायला पाहिजे हो. म्हणजे तिलाही सांगता येईल काहीतरी. अजून रागानं जळते ती, माणूस जाऊनसुद्धा."

ते खोकं त्यांच्या मागं दहा पावलांवर होतं, पायपुसण्यांच्या गठ्ठ्याखाली. एक वाक्य पुरलं असतं. सर माझ्यासाठी जे वाक्य बोलले नव्हते, तेच.

"दिवसाला पन्नास माणसं येतात, ताई," मी म्हटलं. "एवढं कुठं आठवतंय."

त्या गेल्या. ईश्वरीचा फोन नंबर मी मागितला नाही.

मग मी कॅरिअर उचलून त्या खोक्यावर ठेवलं. दोन्ही बाजू मिटवून त्यावर माझीच सुती दोरी बांधलेली होती. गाठ सरांच्या हातची होती. ओढलं की एका झटक्यात सुटते ती, म्हणून ओढली. सुटली नाही, कारण टोक आत खोचलेलं होतं. मी ते तसंच ठेवून दिलं, आणि वर पायपुसणी रचली.